सरकत्या अँटेनांनी ग्रुप ट्रान्समिशन सुरक्षित करताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

एकच संदेश एकाच वेळी अनेकांना पाठवायचा, पण गटाबाहेरच्या कुणालाही तो कळू द्यायचा नाही, आणि त्यासाठी जागा बदलता येणारे अँटेना वापरायचे. ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आणि एम. टेक.ला हा विषय आता बरेच जण घेतात. कोल्हापूर परिसरातल्या विद्यार्थ्यांचे असे रिपोर्ट वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. आलेख छान चढते असतात, पण कामाचा क्रम उलटा असतो. आधी अँटेनांच्या जागा काढलेल्या, मग बीम (प्रत्येक अँटेनाची तीव्रता आणि फेज ठरवून सिग्नल कुठे किती जावा ते) जुळवलेला, आणि चोरून ऐकणारा नेमका कुठे असू शकतो हा प्रश्न सगळ्यात शेवटी. अशा रिपोर्टमधला सुरक्षिततेचा दावा पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

इथे सगळं काम योग्य क्रमानं मांडलं आहे: आधी सिम्युलेशन, मग टेबलावरची छोटी चाचणी. मॅटलॅब नसेल तर पायथन आणि सीव्हीएक्सपाय (ऑप्टिमायझेशनचे प्रश्न सोडवणारी पायथनची लायब्ररी) पुरेसं आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. ही पद्धत एन्क्रिप्शनच्या जागी वापरायची नाही, त्याच्या जोडीला वापरायची. गटाची एन्क्रिप्शनची किल्ली सगळ्या सभासदांकडे सारखीच असते, त्यामुळे एकाचा फोन हरवला तरी सगळ्या गटाचं बोलणं उघडं पडतं. आपण जो थर चढवतो तो त्याच्या आधीचा आहे: चोरट्या श्रोत्यापर्यंत वापरण्याजोगा सिग्नलच कमी पोहोचावा.

टप्पा १: प्रसंग कागदावर मांडा

कोड उघडण्याआधी एक नकाशा काढा. समजा नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या परिसरात स्वयंसेवकांच्या तीन तुकड्या उभ्या आहेत, आणि भवानी मंडपाजवळच्या कंट्रोल टेबलावरून तिघींना एकच सूचना जायची आहे. पाठवणारा एक, ऐकणारे सभासद तीन. आता नकाशावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, सर्वांत कमकुवत सभासद कोण? महाद्वार रोडच्या गर्दीत, भिंतीआड असलेली तुकडी. ग्रुप ट्रान्समिशनचा वेग हीच तुकडी ठरवते, बाकी दोघींना सिग्नल कितीही चांगला मिळो. सगळ्यांचा संदेश एकच असल्यामुळे जिला सर्वांत कमी मिळतं तिला झेपेल एवढाच वेग ठेवावा लागतो.

दुसरी, चोरटा श्रोता कुठे असू शकतो? इथे एका बिंदूवर फुली मारू नका, पट्टा रंगवा. रस्त्याची एक बाजू, एखादी गच्ची, दुकानांची रांग.

तिसरी, त्याच्या चॅनेलबद्दल, म्हणजे आपल्या अँटेनांपासून त्याच्यापर्यंत सिग्नल कसा बदलत जातो याबद्दल, आपल्याला किती माहिती आहे? तीन शक्यता आहेत, आणि रिपोर्टमध्ये यातली कुठली धरली हे पहिल्याच पानावर यायला हवं:

अ) तो त्याच नेटवर्कवरचा, पण या गटात नसलेला वापरकर्ता आहे. मग त्याचं चॅनेल मोजता येतं.
आ) तो कुठल्या पट्ट्यात असेल एवढंच माहीत आहे. मग पट्ट्यात अनेक काल्पनिक श्रोते ठेवून सर्वांत वाईट परिस्थिती धरायची.
इ) काहीच माहीत नाही. मग कृत्रिम नॉइज (श्रोत्याला गोंधळवायला मुद्दाम पाठवलेला गोंगाट) आणि आउटेज संभाव्यता (सुरक्षितता टिकणार नाही याची शक्यता) हा मार्ग उरतो.

सावधान: गप्प बसून ऐकणारा माणूस आपलं चॅनेल कळवत नाही. त्याचं चॅनेल अचूक माहीत आहे असं धरलं असेल, तर ती फक्त वरची मर्यादा आहे आणि तसंच लिहा. माझं मत स्पष्ट आहे: प्रोजेक्टसाठी दुसरी शक्यता घ्या. ती प्रामाणिकही आहे आणि करता येण्याजोगीही.

टप्पा २: फ्रिक्वेन्सी, लांबी आणि अंतरं ठरवा

२.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२.५ सेंमी. दोन अँटेनांमध्ये किमान अर्धी तरंगलांबी, म्हणजे ६.२५ सेंमी अंतर ठेवायचं, नाहीतर ते एकमेकांवर परिणाम करायला लागतात आणि आपलं गणित खोटं ठरतं. चार अँटेना असतील तर नुसते मावायलाच १८.७५ सेंमी लागतात. सरकायला जागा हवी म्हणून ५० सेंमी, म्हणजे चार तरंगलांब्यांची पट्टी धरा. अँटेना हलवायचा तो एवढाच, काही सेंटिमीटर. प्रत्येक मार्गानं येणाऱ्या लहरीची फेज (लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) तेवढ्यानंही वेगवेगळी बदलते, आणि एका जागी सिग्नल वाढतो तर दुसऱ्या जागी पडतो. सगळा खेळ त्यावरच आहे.

आता एक हिशोब, जो बहुतेक रिपोर्टमध्ये नसतो. पट्टी ५० सेंमी असेल तर फार फील्ड, म्हणजे लहर सपाट धरता येईल एवढं दूरचं क्षेत्र, साधारण ४ मीटरपासून सुरू होतं (पट्टीच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट, भागिले तरंगलांबी). लॅबमध्ये २ मीटरवर रिसीव्हर ठेवून सपाट लहरीचं सूत्र वापरलं, तर मोजमाप आणि सिम्युलेशन कधीच जुळणार नाही. जवळच्या रिसीव्हरसाठी प्रत्येक अँटेनापासूनचं खरं अंतर काढून त्यावरून फेज घ्या.

नॉइजही इथेच ठरवा. २० मेगाहर्ट्झ बँडविड्थला थर्मल नॉइज सुमारे -१०१ डीबीएम. रिसीव्हरचा नॉइज फिगर (त्यानं स्वतः घातलेली नॉइजची भर) ६ डीबी धरला तर -९५ डीबीएम. पॉवर डीबीएममध्ये (मिलिवॉटच्या तुलनेत) आणि नॉइज डीबीडब्ल्यूमध्ये (वॉटच्या तुलनेत) लिहिला की ३० डीबीची चूक होते, आणि ती चूक आलेखाच्या आकारात दिसत नाही, फक्त वक्र सरकतो. म्हणून कोडच्या पहिल्या दहा ओळींतच सगळं वॉटमध्ये आणा.

टप्पा ३: चॅनेलचं फंक्शन लिहा आणि आधी त्याचीच परीक्षा घ्या

खरं काम इथे आहे. घाई करू नका.

परावर्तन करणाऱ्या गोष्टींना, म्हणजे भिंती, खांब, पत्रे, यांना नकाशावर पक्के सहनिर्देशक द्या. मग प्रत्येक मार्गाची लांबी, कोन आणि तीव्रता त्या भूमितीवरून काढा. सभासद आणि चोरटा श्रोता दोघांसाठी याच भिंती वापरा. बरेच जण प्रत्येकासाठी कोन स्वतंत्र रँडम काढतात. मग श्रोता सभासदाच्या शेजारी उभा असला तरी त्याचं चॅनेल पूर्ण वेगळं निघतं, आणि सुरक्षितता फुकटात मिळाल्यासारखी दिसते.

मार्ग किती धरायचे हे जागेवर ठरवा. खासबाग मैदानासारख्या उघड्या जागेत थेट मार्ग आणि दोन-तीन परावर्तनं पुरतील. महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंनी दुकानं असलेल्या रस्त्यावर आठ-दहा मार्ग धरा. मार्ग जास्त तेवढा अँटेना सरकवण्याचा फायदा जास्त, म्हणून ही संख्या सोयीनं वाढवून ठेवण्याचा मोह आवरा.

सावधान: रँडम आकडे काढणारी ओळ चॅनेलच्या फंक्शनच्या आत ठेवू नका. ठेवली तर अँटेना एक मिलिमीटर सरकला तरी अख्खं चॅनेल नव्यानं जन्म घेतं, आणि तुमचा अल्गोरिदम चांगली जागा शोधत नाही, नशिबानं आलेला मोठा आकडा उचलतो. पुनरावृत्ती वाढवल्या की निकाल सुधारतच राहतो, म्हणून सगळे खूशही होतात. रँडम आकडे एकदाच काढा, साठवा, आणि फंक्शनला फक्त जागा द्या.

तपासा: पुढच्या तीन चाचण्या पास झाल्याशिवाय टप्पा ४ उघडू नका.

अ) एकच अँटेना, एकच मार्ग, दूरचा रिसीव्हर. अँटेना पट्टीभर फिरवा. सिग्नलची तीव्रता बदलता कामा नये. बदलली तर फेजच्या सूत्रात चूक आहे.
आ) एकच अँटेना, दोन समान तीव्रतेचे मार्ग. तीव्रतेत स्वच्छ चढउतार दिसले पाहिजेत आणि खड्डे जवळजवळ शून्याला टेकले पाहिजेत.
इ) दोन रिसीव्हर पट्टीच्या रेषेच्या दोन बाजूंना, आरशातल्यासारखे सममित ठेवा, फक्त थेट मार्ग ठेवा. दोघांची चॅनेलं सारखीच यायला हवीत.

तिसऱ्या चाचणीत एक व्यावहारिक धडा आहे. सरळ पट्टीला स्वतःच्या दोन बाजूंतला फरक कळत नाही. सभासद पट्टीच्या एका बाजूला आणि श्रोता दुसऱ्या बाजूला त्याच कोनावर असेल, तर उघड्या मैदानात अँटेना कितीही सरकवा, उपयोग शून्य. उपाय अगदी साधा आहे: पट्टी थोडी तिरकी करून ठेवा, किंवा एका पट्टीऐवजी चौकोनात सरकणारी रचना घ्या.

टप्पा ४: ध्येयाचं सूत्र

गटाचा सिक्रसी रेट, म्हणजे श्रोत्याला न कळता संदेश पाठवता येईल तो वेग, असा काढायचा: सर्वांत कमकुवत सभासदाचा रेट वजा सर्वांत चांगलं ऐकू येणाऱ्या श्रोत्याचा रेट. सभासदांचं किमान, श्रोत्यांचं कमाल. सरासरी कुठेच नाही. सरासरी घेतली की महाद्वार रोडची तुकडी कोरडी राहते आणि आलेख मात्र भरलेला दिसतो.

चोरटे श्रोते आपापसात मिळालेले असतील, म्हणजे आपापलं सिग्नल एकत्र करत असतील, तर कमाल न घेता त्यांच्या एसएनआरची (सिग्नल आणि नॉइज यांच्या पॉवरचं गुणोत्तर) बेरीज घ्या.

उत्तर ऋण आलं तर सिक्रसी रेट शून्य धरायचा, पण तो शेवटी रिपोर्ट करताना. शोध चालू असताना शून्यावर कापलंत तर सुरुवातीच्या वाईट जागांवर उतार सपाट होतो आणि अल्गोरिदमला कुठे जायचं ते कळत नाही.

टप्पा ५: जागा पक्क्या ठेवून बीम काढा

आधी अँटेना हलवायचेच नाहीत. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरानं ठेवा आणि फक्त बीम काढा.

एक पद्धत विश्वासाची आहे. श्रोत्यांच्या एसएनआरवर एक मर्यादा घाला. त्या मर्यादेत, आणि एकूण पॉवरच्या मर्यादेत, कमकुवत सभासदाचा एसएनआर जास्तीत जास्त करा. बीम व्हेक्टरऐवजी त्याचं मॅट्रिक्स घेऊन रँक १ ची अट सोडली की हा सेमीडेफिनिट प्रॉब्लेम (मॅट्रिक्सवरचा, खात्रीनं सुटणारा ऑप्टिमायझेशनचा प्रश्न) होतो, आणि सीव्हीएक्सपाय तो सोडवतं. मग ती मर्यादा शून्यापासून वर नेत प्रत्येक वेळी सिक्रसी रेट काढा आणि सर्वांत चांगली मर्यादा निवडा.

सावधान: चॅनेलचे आकडे सॉल्व्हरला जसेच्या तसे देऊ नका. १०० मीटरवर १०० डीबी पाथ लॉस (वाटेत होणारी सिग्नलची घट) म्हणजे पॉवर गेन एकाच्या दहा अब्जाव्या भागाएवढा. सॉल्व्हरची सहनसीमा त्याहून मोठी असते, म्हणून तो काहीही उत्तर देऊन मोकळा होतो, आणि वर ‘ऑप्टिमल’ असंही लिहितो. सगळी चॅनेलं आधी नॉइजच्या वर्गमुळानं भागून घ्या, मग आकडे हाताळण्याजोगे होतात.

मॅट्रिक्स हाती आलं की सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू आणि ट्रेस (सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीज) यांचं गुणोत्तर पाहा. ते १ च्या अगदी जवळ असेल तर तोच आयगेनव्हेक्टर बीम म्हणून घ्या. नसेल तर त्या मॅट्रिक्समधून काही शे रँडम व्हेक्टर काढा, प्रत्येकाला पूर्ण पॉवर द्या आणि खरा सिक्रसी रेट काढून सर्वोत्तम निवडा. इथे नुसता सभासदांचा एसएनआर पाहून व्हेक्टर निवडणं ही फार आढळणारी चूक आहे. श्रोत्याला विसरून चालणार नाही.

तपासा: सभासद एक आणि श्रोता एक ठेवून कोड चालवा. या खास प्रसंगाचं अचूक उत्तर जनरलाइज्ड आयगेनव्हॅल्यूतून थेट मिळतं. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आणखी एक तपासणी: सिक्रसी रेट धन असेल तर अंतिम बीमनं पूर्ण पॉवर वापरलेली असायला हवी. पॉवर शिल्लक राहिली असेल तर तुमची मर्यादेची जाळी विरळ आहे.

कृत्रिम नॉइज वापरणाऱ्यांसाठी: तो नॉइज एकाही सभासदाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांच्या सगळ्या चॅनेलच्या नल स्पेसमध्ये (ज्या दिशांचं सभासदांपर्यंत काहीच पोहोचत नाही तिथे) टाकायचा असतो. त्यासाठी अँटेनांची संख्या सभासदांपेक्षा जास्त हवी. चार अँटेना आणि सहा सभासद असतील तर सहसा तिथे जागाच उरत नाही.

टप्पा ६: आता अँटेना हलवा

पट्टीवर तरंगलांबीच्या विसाव्या भागाची, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरची जाळी आखा. ५० सेंमीत ८१ जागा होतात. एक अँटेना घ्या, बाकीचे स्थिर ठेवा, अंतराची अट पाळणारी प्रत्येक जागा तपासा, सर्वोत्तम जागी ठेवा. मग पुढचा अँटेना. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून, सुधारणा थांबेपर्यंत.

जागा तपासताना बीम जुनाच ठेवला तर शोध लवकर अडकतो. कारण तो बीम जुन्या जागांसाठी शिवलेला असतो, त्याला कुठलीही नवी जागा वाईटच वाटते. म्हणून प्रत्येक नव्या जागेसाठी बीमलाही थोडं जुळवून घेऊ द्या. पूर्ण सेमीडेफिनिट प्रॉब्लेम प्रत्येक वेळी सोडवायची गरज नाही, जुन्या बीमपासून ग्रेडियंटची, म्हणजे रेट सर्वांत वेगानं वाढतो त्या दिशेची, काही पावलं पुरतात. फेरी संपली की एकदा टप्पा ५ पूर्ण चालवा. चार अँटेनांच्या प्रोजेक्टला हे साध्या लॅपटॉपवर होतं.

तपासा: सध्याची जागा उमेदवारांच्या यादीत नेहमी ठेवा, आणि नवा बीम खरोखर चांगला असेल तरच स्वीकारा. मग सिक्रसी रेट कधीच खाली येणार नाही. आलेखात एकदाही घसरण दिसली तर कोडमध्ये चूक आहे, तिला ‘अभिसरणातला चढउतार’ म्हणून सोडून देऊ नका.

सुरुवातीच्या वीस-तीस वेगवेगळ्या जागांवरून शोध चालवा. इथे खड्डेटेकाडं भरपूर असतात आणि एका सुरुवातीवर विसंबणं धोक्याचं आहे.

टप्पा ७: न्याय्य तुलना आणि नवे श्रोते

तुलना स्थिर अँटेनांशी करायची. तेवढेच अँटेना, तेवढीच पॉवर, तीच चॅनेलं, आणि स्थिर अँटेनांनाही टप्पा ५ चाच बीम. स्थिर अँटेनांना साधा बीम देऊन सरकत्यांना ऑप्टिमाइझ केलेला दिला, तर मिळणारा फायदा कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि आता पहिल्या टप्प्यातला पट्टा परत काढा. जागा आणि बीम ठरवताना पट्ट्यात जे काल्पनिक श्रोते ठेवले होते, ते बाजूला सारा. त्याच पट्ट्यात नवे बिंदू घ्या, आधीच्या बिंदूंच्या मधोमध, आणि निकाल त्यांच्यावर मोजा. जुन्या बिंदूंवर सिक्रसी रेट उत्तम आणि नव्यांवर शून्य, असं बऱ्याचदा घडतं. कारण अल्गोरिदमनं नेमक्या त्या बिंदूंवर खड्डे पाडलेले असतात, आणि दाट परावर्तनांच्या रस्त्यावर तो खड्डा अर्ध्या तरंगलांबीवरच भरून आलेला असतो. बिंदू दाट करा, पुन्हा चालवा.

तरीही शून्यच आलं तर ते शून्य लपवू नका. चार अँटेना साऱ्या रस्त्यावरचा सिग्नल दाबू शकत नाहीत. अँटेना वाढवा, पट्टा लहान करा, किंवा ट्रान्समीटरभोवतीचा भाग माणसं उभी करून राखा. शेवटचा उपाय सर्वांत प्रभावी आहे. पाथ लॉसचा घातांक ३ धरला तर १० मीटरवरच्या श्रोत्याला १०० मीटरवरच्या सभासदापेक्षा ३० डीबी जास्त सिग्नल मिळतो, आणि एवढी पिछाडी भरून काढायला फार खोल खड्डा पाडावा लागतो.

टप्पा ८: टेबलावर चाचणी

परवानामुक्त २.४ गिगाहर्ट्झ, ठरलेल्या पॉवरच्या मर्यादेत, आणि चोरटा श्रोता म्हणून स्वतःचाच रिसीव्हर. दुसऱ्या कुणाचं बोलणं पकडायचं नाही. खरेदीआधी रेंज पाहा: स्वस्तातला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचत नाही.

चार अँटेना एकदम हलवायची गरज नाही. एकच अँटेना पट्टीवर सरकवत प्रत्येक जागेचं चॅनेल मोजा आणि बीम नंतर गणितानं लावा. त्यासाठी फेज विश्वासार्ह हवी. दोन चॅनेलचा ट्रान्समीटर घ्या, एक अँटेना कायम स्थिर ठेवा, आणि सरकत्याचं चॅनेल भागिले स्थिराचं चॅनेल असं गुणोत्तर नोंदवा. रिसीव्हरच्या घड्याळाची सरक त्यात छाटली जाते.

पट्टीसाठी शिवाजी उद्यमनगरात ॲल्युमिनियमचं सेक्शन कापून मिळतं. नेमा १७ स्टेपर मोटर, २ मिमी पिचचा बेल्ट आणि २० दातांची पुली घेतली तर एका फेऱ्यात ४० मिमी, म्हणजे एका स्टेपला ०.२ मिमी. अँटेना मात्र धातूच्या पट्टीला चिकटवू नका, ॲक्रिलिक किंवा लाकडाच्या काठीवर दीड-दोन वीत वर उचला. बेल्टमध्ये थोडी ढिलाई असतेच, म्हणून प्रत्येक जागेला नेहमी एकाच बाजूनं या.

अचूकता किती हवी? १ मिमीची चूक म्हणजे पट्टीच्या दिशेला जवळजवळ ३ अंश फेज. दोन समान अँटेनांनी खड्डा पाडायचा असेल तर १० अंशांच्या चुकीला खड्डा एका अँटेनाच्या सिग्नलपेक्षा १५ डीबीच खाली जातो. ३० डीबी हवे असतील तर चूक १.८ अंशांत, म्हणजे सुमारे ०.६ मिमीत राहायला हवी.

पण मोटरपेक्षा जास्त घात करते ती केबल. अँटेना थांबलेला असताना त्याची बारीक कोॲक्स केबल हातानं थोडी वाकवा आणि स्क्रीनवरच्या फेजकडे पाहा. आकडा सरकतो, आणि स्वस्त केबल असेल तर चांगलाच सरकतो. एसएमए कनेक्टर सैल असेल तर तो नुसता नाचतो. केबलला मोठा, सैल लूप द्या, दोन्ही टोकं बांधून टाका, आणि पट्टीवर जाऊन परत आल्यावर पहिल्या जागेची फेज तीच येते का हे पाहा. येत नसेल तर पुढचं मोजमाप करू नका.

मोजताना लॅब रिकामी हवी. माणूस सेकंदाला १ मीटर चालला तरी २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल साधारण ५० मिलिसेकंदांत बदलतं, आणि आपली मोटर एका जागेवरून दुसरीकडे जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेते. म्हणूनच ही पद्धत बसलेल्या किंवा उभ्या गटासाठी आहे, चालत्या मिरवणुकीसाठी नाही. रिपोर्टमध्ये ही मर्यादा स्वतःहून लिहा.

पट्टीच्या एका टोकाला लिमिट स्विच (अँटेना टोकाला टेकला की दाबला जाणारा स्विच) बसवा. मोजमापाच्या मध्येच लाइट गेली की स्टेपर मोटरला आपण कुठे होतो हे आठवत नाही. लाइट आल्यावर अँटेना आधी स्विचपर्यंत नेऊन शून्य पक्कं करा, पहिल्या तीन जागा पुन्हा मोजा, आणि जुन्या नोंदींशी फेज जुळली तरच उरलेल्या जागा पुढे मोजा. जुळली नाही तर सगळी फेरी पहिल्यापासून.